परक्या भाषेतले हात

सकाळी मी भाकरी थापत होते आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी मोजत होते. "यत, यी, साम, सेई..." फ्रीज आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत माझी मुलगी गुडघे आत वळवून उभी होती आणि एकेका आकड्याला हवेत एकेक मूठ सोडत होती. तव्यावरची भाकरी फुगली, उलटली, तरी ते मोजणे थांबले नाही.

"हे काय चाललंय?"

"आकडे आहेत, मम्मी. चिनी. क्वूनमध्ये असंच मोजतात."

"क्वून म्हणजे?"

"जिथं शिकतो ती जागा."

"मग आखाडा म्हण."

"आखाडा म्हटलं असतं तर पाठवलं असतंस?"

मी तव्यावरची भाकरी उतरवली. कॉलेजमध्ये मुलींसाठी स्वसंरक्षणाचे शिबिर झाले होते, त्यातून हे खूळ आले. शिबिर संपले आणि बाकीच्या मुली मैदानाबरोबरच ते विसरल्या. माझी मात्र शिकवणाऱ्या सरांचा पत्ता काढून नागापूरच्या त्यांच्या वर्गात जाऊ लागली. तिच्या अंगात जे बळ येत होते त्याचे मला कौतुकच होते. आधी ती जिन्यावरून उतरायची तेव्हा चपलांचा फटफटाट व्हायचा. आता ती उतरलेली कळतही नसे. मला खटकत होते ते शब्द.

मी शाळेत वर्षानुवर्षे कविता शिकवली आहे. एखादा शब्द जिभेवर कुठे टेकतो, कुठे ओलसर होतो, कुठे कोरडा पडतो, हे ऐकण्याची सवय माझ्या कानाला जडली आहे. म्हणूनच ज्या शब्दाचा अर्थ सांगणाऱ्यालाच नीट ठाऊक नाही तो कानावर पडला की मी सावध होते. आमच्या जिल्ह्याने बुवा पाहिले आहेत, अंगारे पाहिले आहेत, कानात फुंकलेले मंत्र पाहिले आहेत. जिथे शब्द कळत नाहीत आणि तरी माणसे ते भक्तीने उच्चारतात, तिथे कुणाचा तरी कशावर तरी डोळा असतो, अशी माझी धारणा आहे. या संशयाबद्दल मी आजही कुणाची क्षमा मागणार नाही. मुलगी असलेल्या घरात तो दाराच्या कडीसारखा असावाच लागतो.

त्या शब्दांतही मला सर्वांत अधिक टोचले ते नात्यांचे शब्द. शिकवणारे सर म्हणजे सीफू. त्यात गुरूही आला आणि बापही आला. आधी येऊन दाखल झालेला मुलगा सीहिंग, म्हणजे थोरला भाऊ. आधी आलेली मुलगी सीजे, थोरली बहीण. मागाहून आलेली सीमुई, धाकटी. वयाशी याचा संबंध नाही. जो आधी दारातून आत आला तो थोरला. माझी एकुलती एक लेक जेवताना सहज म्हणायची, "आज सीहिंगनं मला एक डाव दाखवला." कुठला भाऊ? मी दुसऱ्या कुणालाही जन्म दिला नव्हता. आणि सरांच्या बायकोला ती म्हणायची सीमो. गुरूची पत्नी, म्हणून आई. तो शब्द उच्चारताना माझ्या मुलीचे ओठ जसे गोल व्हायचे तसे "मम्मी" म्हणताना होत नसत. हे मी कुणाला बोलून दाखवले नाही. पण नागापूरला एक दुसरे घर उभे राहत आहे, त्यात बाप आहे, आई आहे, भाऊ-बहिणी आहेत आणि त्या घराची भाषा मला येत नाही, एवढे मला स्पष्ट दिसत होते.

तरीही ती सीमो तिथे होती तोवर मी निश्चिंत होते. उंच, सावळी, हसताना तोंडावर पदर घेणारी बाई. मुलींना तीच शिकवायची. राळेगणसिद्धीकडची माहेरवाशीण, पोट दिसू लागले तशी ती खुर्चीत बसून शिकवू लागली, आणि सातवा सरताच बाळंतपणाला माहेरी गेली. मुलीने ही बातमी आनंदाने सांगितली. मी पोळीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून ठेवला.

"म्हणजे आता तुम्हाला शिकवणार कोण?"

"सर."

"आणि बायामाणूस कोण असणार तिथे?"

"मम्मी, सहा-सात मुली आहोत ना आम्ही."

"बायामाणूस म्हटलं मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच स्कूटीच्या मागे बसले.

नगर-मनमाड रस्त्यावरून आत वळले की नागापूरच्या औद्योगिक वसाहतीचा वास सुरू होतो. तापलेल्या लोखंडाचा, तेलाच्या पाण्याचा, आणि या सगळ्यांतून मधूनच येणारा कँटीनच्या कांदाभज्यांचा. वर्ग एका पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. शेजारी वर्कशॉप, ग्राइंडर लागला की शब्द ऐकू येत नसत, त्याची थरथर मात्र दातांत येत असे. जमिनीवर जुनी हिरवी मॅट अंथरलेली होती. भिंतीवर देवनागरीत, ऑइलपेंटने, कुणीतरी जपून लिहिले होते: तान साउ, बोंग साउ, फुक साउ. साउ म्हणजे हात, हे मला मुलीकडून कळले होते. पहिला हात तळवा वर करून पसरलेला, दुसरा पंखासारखा कोपर उचललेला, तिसरा समोरच्यावर ओणवून ठेवलेला. खाली शू-रॅक, वर पंखा, आणि पंख्याच्या पात्यांवर लोखंडाचा बारीक कीस, काजळासारखा.

सर पारनेर तालुक्यातले. दिवसा नागापुरातल्याच एका कारखान्यात लेथ यंत्रावर, पहिली पाळी करून संध्याकाळी इथे. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. त्यांनी मला पाहिले, काही न विचारता आतून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि भिंतीशी ठेवली.

"बसा, बाई. चहा सांगू का?"

"नको. मी फक्त पाहायला आले."

"पाहा की. पाहायला पैसं न्हाईत."

मुले हसली. मी हसले नाही. तो विनोद मला फार तयारीचा वाटला.

सुरुवात उभे राहण्यापासून झाली. सरांनी एक लांबलचक शब्दमालिका उच्चारली, "यी जी किम येउंग मा," आणि सगळ्यांनी टाचा बाहेर फिरवून गुडघे एकमेकांकडे वळवले. एक नवी मुलगी डगमगली. सर म्हणाले, "शेळीला औषध पाजता का घरी? मग कशी धरता? दोन गुडघ्यात. सुटली न्हाई पायजे आन गुदमरली बी न्हाई पायजे. त्येच हाय हे. शेळी धरायची."

"सर, आमच्याकडं म्हैस हाय," एक मुलगा म्हणाला.

"मग तू फाकव आनखी."

हशा पिकला. मी खुर्चीत ताठ झाले. चीन कुठे, शेळी कुठे! हा माणूस पारनेरच्या माळावरची शेळी चिनी शब्दांत कोंबून मुलांना विकत होता, असा माझा समज झाला, आणि तो होताच मला एक प्रकारचे समाधान वाटले. संशयाला पहिला घास मिळाला की तो असाच सुखावतो.

घरी आल्यावर मी मोबाईलला विचारले. शेळी खरी निघाली. त्या पवित्र्याच्या नावात खरोखर शेळीच होती, दोन गुडघ्यांत दाबून धरलेली. पण आकडे विचारले तेव्हा मोबाईलमधली बाई थंड, काचेसारख्या आवाजात म्हणाली, "ई, अर, सान." मी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. यत, यी, साम कुठेच नव्हते. सीफूसुद्धा तिच्या तोंडून वेगळाच आला, टाळूला घासून. आता माझी पंचाईत झाली. शेळी खरी आणि आकडे खोटे, असा माणूस निव्वळ खोटारड्याहून अधिक धोक्याचा. जो काही गोष्टी खऱ्या सांगतो त्याच्या बाकीच्या गोष्टी आपण तपासत नाही.

मी दुसऱ्या संध्याकाळी वर्ग सुरू होण्याआधीच त्यांना गाठले आणि मोबाईल पुढे धरून त्या बाईला बोलायला लावले. त्यांनी मान तिरकी करून, शेजारच्या गल्लीतली बातमी ऐकावी तसे ऐकले.

"बाई, ही पुण्याची चिनी हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पेठंतली. शुद्ध. आमची खाली दक्षिणंकडली. तुमी 'आहे' म्हणता, आमी 'हाय' म्हणतो, तसं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या गुरूंनी. ते जहाजावर हुते. हाँगकाँगला शिकले, मंग मुंबईला आले. मी त्यांच्याकडं शिकाय जायचो, रयवारी सुट्टी धरून."

"तुम्हाला ती भाषा वाचता येते?"

"एक अक्षर न्हाई."

इतक्या सहजपणे कुणी अज्ञान सांगितले की मी गोंधळते. "मग या शब्दांचे अर्थ?"

"काहींचा ठावं हाय. काहींचा न्हाई. गुरूंनी तोंडात घातलं तसं मी ह्यांच्या तोंडात घालतो. हात बरुबर आला की अर्थ मागनं येतो, बाई."

आयुष्यभर मी मुलांना उलट सांगत आले. अर्थ आधी, मग शब्द बरोबर येतो. न कळणाऱ्या शब्दाने माणसाला वाकवता येते, हे ज्याला कळते तोच असे म्हणू शकतो, असे मला वाटले. मी खुर्चीत जाऊन बसले आणि पापणी लवू न देता पाहत राहिले.

नवऱ्याला हे सगळे सांगितले तेव्हा तो चष्मा कपाळावर चढवून हसला. आमच्या चर्चमध्ये तो हार्मोनियम वाजवतो. गंभीर गोष्टीत त्याला सूर आधी ऐकू येतो.

"अगं, तू दर रविवारी होसान्ना म्हणतेस. चिनी नाही, पण नगरचा शब्द आहे का तो?"

"मला त्याचा अर्थ ठाऊक आहे. 'आम्हांला तार.'"

"आज ठाऊक आहे. चार वर्षांची होतीस तेव्हा?"

"तेव्हा माझ्या शेजारी माझी आई उभी असायची."

"मग तूही बसतेसच की लेकीच्या शेजारी," तो म्हणाला आणि चष्मा खाली ओढला. वाद संपवण्याची त्याची ही नेहमीची रीत.

मी बसत राहिले. दिवस लहान होत गेले, शेडच्या दारातून येणारे ऊन आधी मॅटवर पडायचे ते भिंतीवर चढू लागले. आणि बसता बसता मला एक गोष्ट दिसली. मुलांचे कोपर चुकले की सर हाताने धरून नीट करत. मनगट पकडत, खांद्याला थाप देत, पाठीला तळवा लावून सरळ करत. मुलींच्या बाबतीत मात्र त्यांच्या हातात विजेच्या वायरिंगची एक पांढरी नळी असायची. त्या नळीच्या टोकाने ते दुरून कोपराला स्पर्श करत, "वर, वर, आत." माझ्या मुलीच्या बाबतीत तर नळीही क्वचितच. ते दोन हात लांब उभे राहून नुसते सांगत, आणि सांगताना नजर तिच्याकडे नसे. ती माझ्या खुर्चीकडे असे.

मी याचा अर्थ काय लावला असेल? ज्याच्या मनात काही नाही तो इतका जपून कशाला वागेल? हात लावला असता तर मी त्या हाताकडे बोट दाखवले असते. हात लावत नव्हते, तर न लावण्याकडे दाखवले. त्या काळातले माझे मन आज आठवते तेव्हा मला ते रात्रंदिवस चालू असलेल्या त्या ग्राइंडरसारखे दिसते. त्याच्यासमोर काहीही धरा, ठिणग्या उडणारच.

एका संध्याकाळी परतताना मुलीने सावेडीच्या वळणावर स्कूटी बाजूला घेतली. मागून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या गाण्याचा आवाज लांबपर्यंत हेलकावत राहिला. तो विरल्यावर तिने स्टँड लावला. मग हेल्मेट काढून म्हणाली, "उद्यापासून मी येणार नाही."

"का गं?"

"उपयोग नाही. माझं पुढचं थांबलंय."

"सर शिकवत नाहीत?"

"मम्मी, ती नळी दिसते ना तुला?"

"दिसते."

"ती तुझी आहे." तिचा आवाज फाटला नाही, फाटला असता तर मला सोपे गेले असते. "तू यायला लागल्यावर आणली त्यांनी. आधी सगळ्यांचे कोपर हातानंच नीट करायचे, सीमोसमोर."

मी काही बोलणार तेवढ्यात तिने मला थांबवले आणि पहिल्यांदा, रागारागात का होईना, मला नीट समजावून सांगितले. इतके दिवस ती जे शिकत होती ती अक्षरे होती. हवेत एकटीने गिरवायची. त्यांचे वाक्य होते ते ची साउमध्ये. चिकटलेले हात. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, मनगटाला मनगट टेकवायचे आणि सोडायचे नाही. समोरच्याचा हात कुठे वळणार, जोर कुठून येणार, हे डोळ्यांनी नव्हे, कातडीने ओळखायचे. समोरचा हात निसटला की आपला सरळ पुढे जाऊ द्यायचा. नीट येऊ लागले की हे सगळे डोळे मिटून. हे सांगून येत नाही, पाहून येत नाही, पुस्तकात तर नाहीच. ज्याला येते त्याच्या हाताकडूनच ते हाताला येते. सीमो मुलींना देत होती. आता ती राळेगणला होती आणि परतायला पुढचे वर्ष उजाडणार होते. बाकीच्या मुली नव्या. उरले सर.

"आणि सर माझ्या हाताला हात लावायला तयार नाहीत. मुलगे कुठल्या कुठे गेले. सीमो आली की धाकट्या मुलींचा वर्ग मी घ्यायचा असं ठरलं होतं. आता काय घेऊ? नळी?"

रस्त्याकडेच्या बाभळीवर धुळीचा थर होता. मी त्याकडे पाहत विचारले, "आणि तुला कधी, त्या माणसाच्या वागण्यात, काही..."

"नाही. आणि तू हे मला आज विचारतेस. आधी कधीच विचारलं नाहीस. नुसती बसलीस."

ती खरोखरच जाईनाशी झाली. संध्याकाळी पुस्तक उघडून बसायची. पान उलटल्याचा आवाज येत नसे. सकाळी माझ्या पाठीमागे कुणी मोजत नसे. ओट्याजवळ शांतता होती, आणि जे शब्द माझ्या घरात नकोत असे मला वाटत होते ते गेल्यावर त्यांच्या जागी दुसरे कोणतेच शब्द आले नाहीत. जिन्यावर चपला पुन्हा फटफटू लागल्या.

वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटी रिक्षाने नागापूरला गेले. ग्राइंडर बंद होता. शेडचे शटर पूर्ण वर केलेले, आणि सर दारातच, उजेडात, मॅट झटकत उभे होते. मला पाहून ते आत गेले नाहीत; रस्त्यावरून दिसेल अशाच जागी थांबले. हेही माझ्या नजरेने टिपले.

"पोरगी बरी हाय का?"

"तिनं सोडलं."

"व्हय. कळलं." त्यांनी मॅटची घडी घातली. "लई चांगला हात हुता तिचा."

"तुम्ही तिला पुढचं का देत नाही?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. राग होता, पण तो कोंडून ठेवलेला. "बाई, मी काय सांगू? तुमी रोज त्या खुर्चीत बसून माझे हात बघता. मला दिसत न्हाई व्हय? ह्या वसाहतीत एका आईनं एक शब्द तोंडाबाहेर काढला तर उद्या शटर खाली. मंग कारखान्यात मी कुनाला तोंड दाखवू? आन घरी बायकोला काय सांगू?"

"मी काही बोलले नाही कुणाशी."

"बोलला न्हाई म्हनून तर जास्ती भ्या वाटतं."

त्यांनी घडी घातलेली मॅट खाली ठेवली. मग ते म्हणाले, "तुमचं चुकलं असंबी मी म्हननार न्हाई. मला मुलगी झाली, तर मीबी असाच खुर्ची टाकून बसंन. पण तुमच्या मनात हे हाय तवर मी तिच्या मनगटाला हात लावनार न्हाई. सीमो येऊ द्या."

ते योग्यच होते, आणि तेच मला नको होते. मुलीचे वर्ष वाया चालले होते. मी खांद्यावरची पर्स काढून शू-रॅकवर ठेवली, घड्याळ काढले, चपला काढल्या.

"मला दाखवा," मी म्हणाले.

"काय?"

"ची साउ. काय असतं ते मला कळू दे. मग ठरवते."

ते हसतील असे वाटले होते. ते हसले नाहीत. त्यांनी घडी घातलेली मॅट पुन्हा अंथरली, तीही शटरच्या अगदी तोंडाशी. मी उभी राहिले; साडीत ती शेळी धरणे काही साधेना, तरी टाचा फिरवल्या. त्यांनी उजवा हात पुढे केला, मनगट किंचित बाहेर वळवून. मी माझे मनगट त्यावर टेकवले.

पहिल्यांदा कळला तो खरबरीतपणा. लेथवर उडालेल्या गरम किसाचे बारके व्रण, तेलाने मुरलेली कातडी. मग ऊब. मग त्या उबेखालचे वजन. ते टेकत नव्हते, दूरही जात नव्हते.

"ढकलू नका," ते म्हणाले.

"मी ढकलत नाही."

"ढकलताय, बाई. लई जोरात."

मी ढकलत होते. मला ठाऊकही नव्हते. त्यांनी हात जरासा वळवला आणि माझा सगळा जोर रिकाम्या जागेत गेला. मी एक पाऊल पुढे धडपडले. त्यांचे मनगट माझ्या मनगटाला तसेच चिकटून माझ्याबरोबर आले आणि मला सावरून पुन्हा जागेवर घेऊन गेले.

"आता सोडू नका, ढकलूबी नका. नुसत्या ऱ्हावा." मग त्यांनी चार अक्षरे उच्चारली, सावकाश, ओव्या म्हणतात तशी: "लोई लाउ, होई सुंग." आणि मी न विचारताच सांगितले, "ह्याचा अर्थ मला ठावं हाय. येईल त्याला ठेवून घ्यायचं. जाईल त्याला येशीपत्तूर पोचवून यायचं. पावन्यागत."

आकड्यांनी मला फसवल्यासारखे वाटले होते. हे वाक्य मात्र मी नाकारू शकले नाही. माझ्या कानाने ते आधीच आत घेतले होते. आम्ही पुन्हा हात टेकवले. मी डोळे मिटले. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, कुणाची तरी शिटी ऐकू आली, पत्रा उन्हाने टचकला. आणि मग, माझा जोर ओसरल्यावर, मला दुसरी एक गोष्ट जाणवू लागली. फार बारीक. पाण्यात बोट धरावे आणि खालून प्रवाह जावा तशी.

त्यांचा हात थरथरत होता.

हा माणूस इतक्या वर्षांचा सरावलेला, लोखंड कापणारा. जड उचलल्याची ती थरथर नव्हती. शाळेत तपासणीला साहेब आले की माझ्या खडूच्या हातात उतरायची ती होती. तो मला घाबरत होता. इतके दिवस मी ज्या हातांत काहीतरी लपलेले शोधत होते त्यांत हे होते. तरी मी त्याला ताबडतोब निर्दोष ठरवले नाही. भीती हा काही पुरावा नव्हे. चोरही घाबरतो आणि सावही. पण कातडीला जे कळते ते खोडून काढायला माझ्याजवळ शब्द नव्हता, मराठीत नाही आणि त्याच्या दक्षिणेकडच्या चिनीतही नाही.

मी डोळे उघडले आणि हात काढून घेतला. "उद्या तिला पाठवते," मी म्हणाले. "पण मी येणार. खुर्ची राहू द्या."

"ऱ्हाईल की," ते म्हणाले. "पण बाई, एक करा. बघायचं तर मोकळं बघा. चोरून नगं. तुमची मान दुखत आसंल."

घरी मी मुलीला सांगितले, "चल उद्या."

"काय झालं?"

"मी ची साउ केली."

ती पाहतच राहिली. मग तिचे ओठ हलले, हसू दाबण्याची ती धडपड मी ओळखते. "साडीत?"

"साडीत."

"पडलीस?"

"जवळजवळ."

"मग तू आता माझी सीमुई," ती म्हणाली. "मी आधी आले ना." आणि माझ्या पाठीवर थोरल्या बहिणीसारखी थाप मारून पुस्तकासह आतल्या खोलीत गेली. तिथून पान उलटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या संध्याकाळी ती मॅटवर उभी राहिली तेव्हा सरांनी आधी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी मनगट पुढे केले, तिने टेकवले. सुरुवातीला हात नुसते गोल फिरत होते, जात्याच्या खुंट्यासारखे. सर मधूनच पुटपुटत होते, तान, बोंग, फुक, आणि तिचा हात त्या त्या शब्दात जाऊन बसत होता. मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे मोकळेपणाने, चेहरा उघडा ठेवून पाहत होते, तरी माझ्या बोटांनी पर्सचा बंद पिळून ठेवला होता. मग सर म्हणाले, "डोळं मिट."

तिने मिटले. फेरे चालू राहिले. एका फेऱ्यात सरांचा हात तिच्या मनगटावरून घसरून कोपराकडे सरकला, झपाट्याने, मुद्दाम. शेजारचा ग्राइंडर त्याच क्षणी थांबला होता की काय कोण जाणे. मला शेडमध्ये काहीच ऐकू येत नव्हते. तिचा हात मोकळा झाला आणि सरळ पुढे गेला. मूठ सरांच्या छातीवर जाऊन थडकली, हलकी, पण नेमकी. सर अर्धे पाऊल मागे सरले.

"आगं बया!" ते छाती चोळत म्हणाले, आणि मुले ओरडू लागली.

मुलीने डोळे उघडले नव्हते. तिचा दुसरा हात अजून सरांच्या मनगटाला चिकटलेलाच होता, सोडायचे नाही हे ती विसरली नव्हती. तशीच उभी राहून, चेहरा माझ्या दिशेने किंचित वळवून ती म्हणाली, "मम्मी, बस ना."

तेव्हा मला कळले की मी खुर्चीतून उठले होते. मी बसले.